येळवशीचा उपास

येळवस जवळ आली की राजूबाईचा जीव थाऱ्यावर राहत नसे. निर्णा गावातल्या बाकीच्या बायका त्या सणाची वर्षभर वाट पाहत. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं गाव घरांना कड्या घालून शेतात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप उभारतात, आत लक्ष्मी मांडतात. नैवेद्याचे घास पिकात टाकत शेताला फेरी मारतात, त्याला चर शिंपणं म्हणतात. आधी काळ्या आईच्या तोंडी घास, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील आणि बाजरीच्या पिठाच्या वाफवलेल्या गोळ्यांची, उंड्यांची पंगत. राजूबाई मात्र त्या दिवसांत घासलेली भांडी पुन्हा घासायची, निवडलेली डाळ पुन्हा निवडायची. कोणी विचारलं, तर म्हणायची, "थंडीनं हातपाय आकडायलेत, कामात ऱ्हायलं की बरं वाटतंय."

यंदा तर तिची सून मंजुश्री आठव्या महिन्यात होती.

येळवशीच्या चार दिवस आधी गावची आशा कार्यकर्ती नागरत्ना आली. तिच्या घरची बोली कन्नड, पण मराठीही ती सफाईनं बोलायची, जरा हेल काढून. तिनं मंजुश्रीचं कार्ड उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, रक्त सहा पॉइंट आठ. मागच्या महिन्यात साडेसात होतं. वाढायचं सोडून उतरायलंय की हे."

"गोळ्या देते की मी आठवणीनं," राजूबाई म्हणाली.

"घेतीस का ग?" नागरत्नानं मंजुश्रीला विचारलं.

मंजुश्री पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "घेतली की उलटी व्हते ताई."

"कधी घेतीस?"

"सकाळी. चहावर."

"आन् जेवतीस कधी?"

अंगणात मंजुश्रीची चार वर्षांची सुकन्या भाकरीचा तुकडा चावत फिरत होती, तिच्याकडे दोघी बघत राहिल्या.

या घरात धान्याला तोटा नव्हता. तुरीची पोती माळ्यावर, ज्वारी कणगीत, दावणीला दोन म्हशी. मंजुश्रीला कोणी कधी वाकडं बोललं नव्हतं, हात उगारणं तर लांबच. पण घराची एक रीत होती. सासरा राघोबा शेतातून आला की त्याचं ताट. नवरा शिवप्रसाद हुमनाबादेतलं ठिबकच्या सामानाचं दुकान बंद करून दुपारी तीनला यायचा, मग त्याचं. मध्येच कोणी पाहुणा टेकला तर त्याचं. मग पोर. नवरा जेवल्याशिवाय बायकोनं अन्नाला शिवायचं नाही. मग सासू-सुना चुलीपुढे बसायच्या आणि पातेल्याच्या बुडाशी जे उरलं असेल ते दोघींत वाटून घ्यायच्या. दूध चहाला संपलेलं असायचं, वरणाची नुसती निवळ राहिलेली असायची. मंजुश्रीच्या पोटात पहिला घास जायला साडेतीन-चार वाजायचे. हा जाच आहे, असं त्या घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. राजूबाईच्याही नाही, कारण तीही तीस वर्षं तशीच जेवत आली होती.

नागरत्ना उठता उठता म्हणाली, "काकू, हिला सकाळी उठल्या उठल्या भाकर द्या. मग गोळी. पुरुषांची वाट बगू नका. रक्त ह्याच्याखाली गेलं तर मला बिदरला न्यावं लागंल."

"व्हय व्हय," राजूबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिळी भाकरी सुनेपुढे केलीही. पण तेवढ्यात बसवकल्याणच्या बसमधून गुरुबाई उतरल्या.

गुरुबाई म्हणजे राघोबाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दिराच्या घरी राहायच्या, पण माहेरचे सगळे सण त्यांच्याच हुकमानं चालायचे. राजूबाई त्यांना अक्का म्हणायची. त्यांनी मंजुश्रीच्या हातातली भाकरी पाहिली. मंजुश्रीनं आपणच ती टोपल्यात परत ठेवली.

पुरुष जेवत असताना गुरुबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आवसंला पोटुशी बाईनं शेताची सीव वलांडायची न्हाई. घरात ऱ्हायची. आन् चर शिंपून लक्ष्मीपुढला उंडा घरी येईपत्तोर तोंडात कायबी घालायचं न्हाई. घालशील तर पोटातल्यावर येतंय. ह्या घरानं ते भोगलंय."

शिवप्रसाद ताटावरून म्हणाला, "आत्या, हिचं रक्त कमी हाय म्हणायलेत."

"एका दिसानं रक्त आटतंय व्हय रे?"

"एका दिसाचंच तर हाय," राघोबानं मिटवलं. शिवप्रसाद हसला आणि त्यानं आणखी कढी मागितली.

कढी वाढतानाही राजूबाईच्या कानात 'ह्या घरानं ते भोगलंय' हेच शब्द होते. ते भोगणं तिचंच होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी शिवप्रसाद दीड वर्षाचा होता आणि राजूबाई दुसऱ्यांदा नवव्या महिन्यात होती. तिलाही असंच घरी ठेवून सगळे शेतात गेले होते. पहाटेपासून चुलीपुढे बसून तिनं शंभरावर उंडे वळले होते, आणि आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. दोन वाजले, तीन वाजले, शेतातून कोणी येईना. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तेव्हा देव्हाऱ्यापुढे ठेवलेला एक उंडा तिनं उचलला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. चौथ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगा होता. रडलाच नाही. गुरुबाईंनी तिच्या उशाशी बसून विचारलं होतं, "येळवशीला काय खाल्लंबिल्लं न्हाईस ना?" राजूबाई न्हाई म्हणाली होती. त्यानंतर तिची कूस पुन्हा भरली नाही. तो उंडा तिनं कधी कोणाला सांगितला नाही. आपणच आपलं लेकरू खाल्लं, हे मनाशी धरून ती जगत आली होती. म्हणूनच मंजुश्रीच्या बाबतीत तिला काही कमीजास्त होऊ द्यायचं नव्हतं. सुनेला ती उपाशी ठेवत होती, ती मायेपोटी.

येळवशीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत चूल पेटली. मंजुश्री पाटावर अवघडून बसून उंडे वळत होती. मध्येच हात थांबायचा, ती डोळे मिटून घ्यायची, मग पुन्हा वळायला लागायची.

"व्हायना का ग?" राजूबाईनं हळूच विचारलं.

"व्हतंय आत्या. वासानं जरा पोटात कालवायलंय." सासूला ती आत्याच म्हणायची.

दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरमध्ये टोपल्या चढल्या. आंबिलीची घागर राघोबानं डोक्यावर घेतली, सुकन्या बापाच्या खांद्यावर बसली. निघता निघता राजूबाई पुन्हा स्वयंपाकघरात आली. एक उंडा फडक्यात बांधून सुनेच्या उशाला ठेवावा असं तिला फार वाटलं. हात टोपलीपर्यंत गेला. मग तिला तो न रडलेला मुलगा आठवला आणि तिनं हात मागे घेतला.

"जावा आत्या," मंजुश्री म्हणाली. "मी पडून ऱ्हाते. उंडा तेवढा लवकर धाडा."

शेतात ज्वारी छातीला लागत होती, हरभरा फुलावर आला होता. कोपीत लक्ष्मी मांडून झाली. पण चर शिंपायला राघोबा तयार होईना. शिवप्रसादच्या दुकानाशी कामाचा संबंध असलेली बिदरची चार मंडळी यायची होती.

"पावणे आल्याबिगर कसं शिंपावं? बरं दिसतंय का ते?" राघोबा म्हणाला.

बारा वाजले. राजूबाईनं आपला छोटा मोबाइल काढून घरी लावला.

"बरी हाय आत्या," मंजुश्रीचा आवाज खोल गेला होता. "गरगरायलंय जरा. पाणी प्याले. उंडा निघाला का?"

"निघतोय बग. आत्ता निघतोय."

ती कोपीत गेली, बाहेर आली, बांधावर जाऊन रस्त्याकडे पाहिलं. आजूबाजूच्या शेतांतून चर शिंपल्याच्या हाळ्या यायला लागल्या होत्या, पंगती बसल्या होत्या, हसणं ऐकू येत होतं. सुकन्येला कोणीतरी खीर दिली होती, पुरुषांच्या हातात आंबिलीचे पेले गेले होते. राजूबाई चटईवर टेकली की पुन्हा उठायची. पाऊण वाजला. तिनं पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"ऐकलाव का," ती राघोबाला म्हणाली, "पोरगी फोन उचलंना. मी घराकडं जायलेय."

"झोपली असंल. पावणे फाट्यावर आलेत. पंगत कोण वाढणार?"

"ज्याला भूक लागंल त्यो वाढून घेईल."

असं उत्तर राजूबाईच्या तोंडून राघोबानं कधी ऐकलं नव्हतं. ती कोपीत शिरली आणि नैवेद्याच्या टोपलीतले दोन उंडे उचलून तिनं पदरात घेतले.

"राजू!" गुरुबाई ओरडल्या. "चर शिंपायचाय अजून! ठिव ते!"

राजूबाईनं लक्ष्मीकडे पाहिलं. 'जे काय व्हायचं ते माझं व्हऊ दे,' असं मनात म्हणून ती बांधावरून चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर ती पळायलाच लागली. पन्नाशीची बाई, अनवाणी, ढेकळांतून.

गाव ओस पडलं होतं. दारोदार कड्या, ओट्यांवर कोणी नाही, चावडीपाशी दोन कुत्री उन्हात पसरलेली. हाक मारली असती तर ऐकायला माणूस नव्हतं. राजूबाईनं दार ढकललं.

मंजुश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवी पडली होती. बाजूला तांब्या कलंडलेला. पाणी घ्यायला उठली असावी, भोवळ येऊन पोटावरच पडली होती. लुगडं रक्तानं भिजलं होतं. राजूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तशी तिनं डोळे उघडले. ओठ सुकून चिकटले होते.

"आत्या," ती म्हणाली, "मी कायबी खाल्लं न्हाई. लक्ष्मीची आन. एक घासबी न्हाई."

राजूबाईच्या पदरातले उंडे जमिनीवर घरंगळले.

तिनं नागरत्नाला फोन लावला. नागरत्ना आपल्या शेतात होती. "डाव्या कुशीवर घ्या, काकू. मी गाडी बोलावते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला आणि दहा मिनिटांत स्कूटीवरून दारात आली. पाठोपाठ हुमनाबादहून एकशेआठची गाडी आली. तिथून बिदर. वाटेत नागरत्ना मंजुश्रीची नाडी धरून बसली होती आणि राजूबाई सुनेचे गार पडलेले तळवे चोळत होती. चोळता चोळता सारखं एकच म्हणत होती, "झोपू नकोस माय. माझ्याशी बोल. झोपू नकोस."

सरकारी दवाखान्यात नेल्या नेल्या ऑपरेशन झालं. रक्त लागलं. एक बाटली शिवप्रसादनं दिली, दोन त्या पाहुण्यांपैकी दोघांनी, ज्यांच्यासाठी येळवस थांबली होती. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. इवल्या नाकाला नळी लावून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मंजुश्री वाचेल, पण पहिले दोन दिवस जपायचे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

ऊन उतरत होतं. बाहेरच्या बाकावर राघोबा, शिवप्रसाद आणि गुरुबाई बसले होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेवटी गुरुबाई म्हणाल्या, "शुद्धीवर आली की इचारा तिला. लपूनछपून कायतरी खाल्लं असंल. त्याबिगर असं व्हत न्हाई."

भिंतीला टेकून उभी असलेली राजूबाई त्यांच्यापुढे येऊन बसली.

"अक्का, तिनं न्हाई खाल्लं. मी खाल्लं व्हतं."

"काय बोलायलीस?"

"सत्तावीस वर्सांमागं. देवापुढला उंडा. भुकंनं डोळे फिरायलते म्हणून खाल्ला. तुमी इचारलाव तवा न्हाई म्हणले. तवापासनं रोज सकाळी उठले की मला माझ्या लेकराची मारेकरीण म्हणून उठावं लागतंय." तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "बरं, माझ्या हातनं चुकलं म्हणून माझं गेलं. मग हिच्या हातनं काय चुकलं, सांगा. रक्तात पडली व्हती आन् मला आन घालून सांगायलती, खाल्लं न्हाई म्हणून. तिनं रीत पाळली, अक्का. सगळी पाळली. मग तिच्यावर कामून आलं?"

राघोबा बायकोकडे असा पाहत होता, जणू हे माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मला कधी सांगितलं न्हाईस ग," तो म्हणाला.

"कवा सांगावं? तुमी जेवून उठलाव की तुमाला झोप येते." ती गुरुबाईंकडे वळली. "भुई पोटुशी हाय म्हणून तिला आधी घास घालता. सगळं गाव घालतंय. आन् घरातली पोटुशी पोरगी पावण्यांच्या गाडीची वाट बगत उपाशी पडते. ह्या हातांनी मीच तिला ठिवून आले."

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, तेव्हा राजूबाईनं त्यांना गाठलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, उंड्यानं लेकरू मरतंय का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "तुमचं बाळ कशानं गेलं, हे आज मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण एका उंड्यानं कुठलंही बाळ मरत नाही, एवढं खात्रीनं सांगते. उपाशी राहून मात्र आई आणि बाळ दोघंही जातात. तुमच्या सुनेच्या अंगात रक्तच नव्हतं. हे आजचं नाही, कितीतरी महिन्यांचं आहे. त्यात आजचा उपास. त्यात पडली."

राजूबाई पुन्हा बाकावर येऊन बसली. तिनं पदर तोंडावर घेतला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या मुलासाठी रडली. आजवर ती स्वतःला शिव्या देण्यातच गुंतली होती; लेकरासाठी रडायचा हक्क आपल्याला आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

बाराव्या दिवशी मंजुश्री बाळाला छातीशी बांधून घरी आली. दुसऱ्याच दिवशी भोगी होती.

घरात तिळाचा वास सुटला होता. घेवडा, गाजर, वांगी, ओला हरभरा घालून केलेली भाजी चुलीवर रटरटत होती. राजूबाई तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होती. साडेअकरा झाले होते. तिनं पहिलं ताट वाढलं, लोण्याचा गोळा ठेवला आणि मंजुश्रीच्या पुढे सरकवलं. मंजुश्रीनं दाराकडे पाहिलं. राघोबा हातपाय धुऊन आत येत होता, मागून शिवप्रसाद. आज त्यानं दुकान बंदच ठेवलं होतं.

"खा," राजूबाई म्हणाली.

राघोबा जरा घुटमळला. मग म्हणाला, "खाऊ दे की. बाळंतीण हाय." आणि तो बाजेवर जाऊन बसला. मंजुश्री मान खाली घालून जेवू लागली. पहिले दोन घास घाईघाईनं, कोणी हिसकावून घेईल असे. मग सावकाश.

तिचं होत आलं, तसा राघोबा उठला आणि पाट ओढून बसला. "हं, वाढ आता."

राजूबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि दुसरं ताट घेतलं. त्यात भाजी वाढली, लोणी वाढलं. ते ताट तिनं स्वतःपुढे ठेवलं.

"आता मी जेवणार," ती म्हणाली. "माझं झालं की तुमाला गरम गरम करून वाढते."

"तू? तुला काय झालंय?"

"मला भूक लागलीय."

ओसरीवरून गुरुबाईंचं खाकरणं ऐकू आलं. सुनेच्या दुखण्यापासून त्या परत गेल्या नव्हत्या, आणि फारशा बोलतही नव्हत्या. राजूबाईनं आतूनच हाक मारली, "अक्का, तुमचंबी ताट घेऊ?"

"पुरुष जेवल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई," बाहेरून उत्तर आलं. त्यात राग नव्हता. चाळीस वर्षं दिराच्या घरी उरलंसुरलं खाऊन जगलेल्या बाईचा तो आवाज होता. राजूबाईनं तिसरं ताट पुसून बाजूला ठेवलं.

शिवप्रसाद खाली बघत म्हणाला, "अप्पा, थांबू की जरा." बापाचा पाट त्यानंच उचलून भिंतीला लावला.

राघोबा दारात उभा राहिला. भाजीचा वास येत होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "किती येळ लागंल?" त्यानं विचारलं.

"लागंल तेवढा."

राजूबाईनं भाकरीला हात घातला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. तीस वर्षं ती भाकऱ्या थापत आली होती. तव्यावरची हातानं उलटली तरी तिचं बोट कधी पोळलं नव्हतं. पण ताटातली भाकरी गरम असते, फुंकर घालून खावी लागते, हे त्या हाताला माहीतच नव्हतं. तिनं बोटावर फुंकर घातली, भाकरीवर घातली, तुकडा मोडला आणि सावकाश चावायला लागली. दारात तिचा नवरा पहिल्यांदाच भुकेला उभा होता, आणि ती घाई करत नव्हती.